खोके दाराशी ठेवून जाणाऱ्यांना अनावृत पत्र

प्रति,
मांजराची पिल्ले सापडली म्हणून उचलून आणणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

सहा आठवड्यांपूर्वी एका सकाळी दार उघडले, तर पायरीवर बुटांचे एक खोके होते. झाकणाला पेनाच्या टोकाने सात-आठ भोके पाडलेली होती, आत जुन्या टॉवेलची घडी होती आणि घडीवर तीन पिल्ले एकमेकांत गुंतून झोपलेली होती. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, एकाच्या पोटाला नाळेचा वाळका तुकडा अजून तसाच. म्हणजे वय फार तर तीन-चार दिवसांचे. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली तेव्हा एक १३१ ग्रॅम भरले, दुसरे १२६ आणि तिसरे १०४. तिघांचीही पोटे टम्म होती, अंगे चाटून स्वच्छ केलेली होती आणि हाताला ऊब लागत होती. खोक्यावर नाव नव्हते, आत चिठ्ठी नव्हती, बेलही कोणी वाजवली नव्हती.

त्या खोक्यामुळे हे पत्र लिहिते आहे, पण ते त्या एका माणसासाठी नाही. गेली काही वर्षे मी बेवारस मांजरे आणि पिल्ले घर मिळेपर्यंत सांभाळते आणि दर विणीच्या हंगामात असे एखादे तरी खोके, पिशवी किंवा करंडी येतेच. सुरुवातीला राग आला, नाही असे नाही. पण झाकणाला मोजून भोके पाडणारा माणूस निर्दय नसतो. त्याने काहीतरी जिवंत, उघड्यावर पडलेले पाहिले, त्याच्याने पुढे जाववले नाही, आणि मग आपल्या आवाक्यातले काम संपले असे समजून तो निघून गेला. त्याच्या कळवळ्याबद्दल माझी तक्रार नाही. तो कळवळा कोणत्या क्षणी कामाला लावायचा, एवढ्याबद्दलच मला बोलायचे आहे.

आता त्या टम्म पोटांकडे पुन्हा पाहू. पोट असे तटतटलेले असते ते पाजून फार वेळ झालेला नसतो तेव्हाच. याचा अर्थ पिल्ले उचलली गेली त्याच्या थोडेच आधी त्यांची आई त्यांच्यापाशी होती. ती मेली नव्हती आणि तिने त्यांना टाकलेही नव्हते. ती खायला गेली असेल, पाणी प्यायला गेली असेल, किंवा जवळच एखाद्या गाडीखाली बसून, खोके घेऊन वाकलेला माणूस कधी जातो याची वाट पाहत असेल. ती नेमकी कुठली जागा हे मला कळले असते, तर त्याच सकाळी तिन्ही पिल्ले जागेवर नेऊन ठेवता आली असती आणि मला पुढचे काही करावे लागले नसते. ते कळायला काहीच मार्ग नव्हता. १०४ ग्रॅमचे पिल्लू चौथ्या रात्री गेले.

मांजर आपली पिल्ले सात घरे फिरवते असे आपल्याकडे म्हणतात. सात हा आकडा सोडून द्या, पण निरीक्षण अगदी खरे आहे. जागा असुरक्षित वाटली, माणसांची वर्दळ वाढली, बोका घिरट्या घालू लागला किंवा नुसता वास बदलला, तरी मांजरी बिऱ्हाड हलवते. पिल्लू मानेच्या कातडीला धरून ती एकेक करून नेते. मांजरीचे दात तिच्या पिल्लाला लागत नाहीत, ही म्हण याच दृश्यावरून आलेली आहे. आता विचार करा, चार पिल्ले हलवायची म्हणजे चार खेपा. दोन पिल्ले नव्या जागी पोहोचलेली असताना आणि दोन जुन्या जागी असताना तुम्ही तिथून गेलात, तर तुम्हाला काय दिसेल? आईविना पडलेली दोन पिल्ले. तुम्ही ती उचलता, आई तिसऱ्या खेपेला परत येते. उचललेल्या पिल्लांचे मी काही ना काही करते. पण त्या रिकाम्या कोपऱ्यात तिने रात्रभर हाका मारत फिरणे मी दोनदा ऐकले आहे आणि ते तिसऱ्यांदा ऐकायची माझी इच्छा नाही.

माणसाचा हात लागला की मांजर पिल्लाला जवळ करत नाही, हा समज मात्र बहुतांशी खोटा आहे. चुकून उचललेले पिल्लू काही तासांनी परत ठेवले, तरी बहुतेक मांजरी त्याला चाटून-पुसून पुन्हा पोटाशी घेतात. त्यामुळे ‘आता हात लावलाच आहे, तर घेऊनच जाऊ’ हा युक्तिवाद कृपा करून करू नका.

मग सापडलेले पिल्लू अडचणीत आहे की नाही, हे ओळखायचे कसे? पहिली खूण आवाजाची. पोट भरलेली, उबेत असलेली पिल्ले झोपतात. त्यांचा आवाज येत नाही. तासन् तास अखंड ओरडणारी, अंगाला घाण चिकटलेली, पोट आत गेलेली आणि हाताला गार लागणारी पिल्ले खरोखर एकटी पडलेली असण्याची शक्यता मोठी. पिल्ले शांत आणि गुबगुबीत असतील, तर दूर व्हा. दूर म्हणजे चार पावले नव्हे. आई तुम्हाला पाहू शकेल इतक्या अंतरावर तुम्ही असाल, तर ती येणारच नाही. आडोशाला किंवा खिडकीत जाऊन बसा, नाहीतर सरळ निघून जा आणि दोन-तीन तासांनी परत या. सारखे येऊन पाहणे शक्य नसेल, तर पिल्लांच्या जागेभोवती, त्यांच्या अंगाला लागणार नाही अशा बेताने, पिठाची पातळ रेघ ओढून ठेवा. परतल्यावर पिठात पावले उमटलेली दिसली, तर उत्तर मिळाले. ही युक्ती इतकी साधी आहे की सांगितल्यावर लोक हसतात, पण माझ्या माहितीतली निदान पाच बाळंतिणींची कुटुंबे त्या पिठाने एकत्र ठेवली आहेत.

थांबू नये असेही प्रसंग असतात आणि ते ओळखायला कोणाची शिकवण लागत नाही. जखम वाहते आहे, मुंग्या लागल्या आहेत, पाणी चढते आहे, जवळच आई मरून पडली आहे, पिल्लू गाडीच्या इंजिनात किंवा रहदारीच्या मध्ये आहे, तर तत्क्षणी उचला. पाऊस असेल आणि जागा भिजत असेल, तर पिल्ले शेजारच्याच कोरड्या आडोशाला सरकवणे अनेकदा पुरते. दहा-पंधरा फुटांवरची पिल्ले आवाजावरून आई शोधून काढते.

आणि उचललेच, तर पुढचा एक तास सर्वांत महत्त्वाचा असतो. नेमक्या याच तासात माणसे प्रेमापोटी चूक करतात, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहिते.

पिल्लू घरात आले की पहिली धाव दुधाकडे असते. वाटीत दूध, कापसाचा बोळा, नाहीतर ड्रॉपर. कृपया थांबा. जन्मल्यापासून साधारण चार आठवडे पिल्लाला स्वतःच्या शरीराचे तापमान नीट राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात तर त्याचे नेहमीचे तापमानच ३५ ते ३७ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते, आणि आईची व भावंडांची ऊब गेली की ते भराभर उतरते. गारठलेल्या पिल्लाची आतडी जवळपास बंद पडलेली असतात. अशा पोटात गेलेले दूध पचत नाही. ते तिथेच नासते किंवा उलटून फुप्फुसात जाते. तोंडात करंगळीचे टोक घालून पाहा. आत गार लागत असेल, तर अन्नाचा थेंबही नको. बाटलीत सोसवेल इतके गरम पाणी भरून ती कापडात गुंडाळा आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे पिल्लाला जास्त झाले तर दुसऱ्या बाजूला सरकता येईल. ऊब हळूहळू द्या. घाईने, थेट गरम पाण्यात किंवा हीटरसमोर धरून दिलेली ऊबही जीव घेते. तासाभराने पिल्लू हालचाल करू लागले, तोंडाने काहीतरी शोधू लागले, म्हणजे मग पाजायचे.

पाजायचे तेही गाईचे दूध नव्हे. मांजरीच्या दुधात प्रथिने गाईच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट असतात, चरबीही जास्त असते आणि दुधातली साखर कमी. गाईच्या दुधाने पोट भरल्यासारखे दिसते, पण जुलाब लागतात, आणि शंभर ग्रॅमच्या जिवाला दोन दिवसांचे जुलाब पुरतात. मांजराच्या पिल्लांसाठी तयार केलेली दुधाची पावडर मिळते. तीच कोमट पाण्यात कालवायची. पाजताना पिल्लू आईला लुचते तसे पोटावर पालथे असले पाहिजे. माणसाच्या बाळासारखे उताणे धरून पाजल्यास दूध श्वासनलिकेत उतरते. हाताने पाजलेल्या पिल्लांमध्ये न्यूमोनियाचे हे नेहमीचे कारण आहे, आणि मला स्वतःला ते एका पिल्लाची किंमत देऊन कळले. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी पाजावे लागते. त्यात रात्रही आली. प्रत्येक वेळी पाजल्यावर ओल्या कोमट कापसाने शेपटीखाली हलकेच पुसावे लागते, कारण तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला आपणहून शी-शू करता येत नाही. आईची जीभ जे काम करते ते त्या कापसाला करावे लागते. हे न केल्यामुळे पिल्ले मेलेली आहेत आणि सांभाळणाऱ्याला शेवटपर्यंत कळले नाही की आपले काय चुकले.

माझ्याकडे एक वही आहे. पिल्लाच्या नावापुढे तारीख, वेळ, किती मिलिलिटर प्यायले आणि वजन, इतकेच तिच्यात असते. निरोगी पिल्लू दिवसाला साधारण १० ते १५ ग्रॅमने वाढते. त्या १०४ ग्रॅमवाल्याच्या रकान्यात दुसऱ्या दिवशी १०६ आहे, तिसऱ्या दिवशी १०३ आणि त्याच संध्याकाळी ९९. पिल्लू आजारी आहे हे डोळ्यांना दिसण्याच्या आधी वजनकाट्याला कळते. पशुवैद्यांनी जे करायचे ते केले. त्याने आईचा चीक किती घेतला होता, त्याच्या पोटात आधीपासून काही दोष होता का, हे मला कधीच कळणार नाही. आईपाशी असते तर ते जगले असते, असा दावा मी करत नाही. अशक्त पिल्ले आईपाशीही दगावतात. पण त्याच्या जगण्याची जी काही शक्यता होती, ती माझ्या बाटलीपेक्षा तिच्या कुशीत जास्त होती, एवढे मी खात्रीने सांगू शकते.

तुमच्यापैकी पुष्कळ जणांचा समज असा दिसतो की सांभाळणाऱ्याच्या घरी दहा मांजरे असतील, तर अकरावे सहज मावते. इथे गाठ जागेशी नसून रोगाशी असते. मांजरांचा पॅनल्यूकोपेनिया नावाचा एक विषाणूजन्य रोग आहे. कुत्र्यांना होणाऱ्या पार्व्हो या रोगाच्या विषाणूच्या जवळचा हा विषाणू लस न घेतलेल्या पिल्लांना दोन-तीन दिवसांत संपवतो. तो बुटांना, हातांना, टॉवेलला चिकटून येतो, घरात वर्षभरदेखील टिकू शकतो, आणि फरशी पुसण्याच्या बहुतेक सुगंधी द्रावणांना दाद देत नाही. त्याला ब्लीच लागते. त्यामुळे नवे आलेले प्रत्येक जनावर किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावे लागते. माझ्याकडे अशी वेगळी खोली म्हणजे न्हाणीघर. ते भरलेले असताना दाराशी खोके आले, की मला दोनच पर्याय उरतात: आत असलेल्यांचा जीव धोक्यात घालायचा किंवा बाहेरच्याला नाकारायचे. ‘तुम्ही प्राणीप्रेमी ना, मग नाही कसे म्हणता?’ हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला गेला आहे, तितक्या वेळा कोणी ‘तुमचे न्हाणीघर रिकामे आहे का?’ असे विचारलेले नाही.

म्हणूनच माझी मुख्य विनंती अशी आहे की उचलणाऱ्याने शक्य असेल तर स्वतःच सांभाळावे. जन्मभर नव्हे, काही आठवडे. मांजराला थोड्या काळासाठी आपल्या घरी ठेवून, त्याला बरे करून, माणसाळवून पुढच्या घरी पाठवणे, यालाच आम्ही फॉस्टर करणे म्हणतो. त्यासाठी बंगला लागत नाही. दार बंद होणारी एक छोटी खोली, एक खोके, एक उथळ ट्रे, वजनकाटा आणि रात्री उठण्याची तयारी लागते. डोळे उघडलेल्या, स्वतः खाऊ लागलेल्या पाच-सहा आठवड्यांच्या पिल्लांना तर रात्रीचे जागरणही लागत नाही. नोकरी करणारी, एकटी राहणारी, भाड्याने राहणारी माणसे ते करू शकतात आणि करतात. कसे करायचे, हे मी तुम्हाला फोनवर सांगेन, घरी येऊन दाखवेन; पहिल्या रात्री तीन वाजता फोन केलात तरी उचलेन. माझ्या न्हाणीघरात जागा नसली, तरी माझ्या वहीत आहे.

याला आणखी एक कारण आहे. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या स्वभावासाठी फार मोलाचा असतो. या दिवसांत ज्याला माणसाचा हात, आवाज आणि वास रोज मिळतो, ते पुढे माणसात रमते. ज्याला तो मिळत नाही, ते बहुधा जन्मभर बिचकते. आयलीन कार्श या संशोधिकेने १९८० च्या दशकात या विषयावर प्रयोग केले, तेव्हा रोज ४० मिनिटे हाताळलेली पिल्ले रोज १५ मिनिटे हाताळलेल्यांपेक्षा माणसाकडे लवकर येतात आणि त्याच्यापाशी जास्त वेळ थांबतात, असे दिसले. एका माणसाच्या घरात बारा पिल्ले असतील, तर प्रत्येकाला चाळीस मिनिटे कुठून आणायची? सहा घरांत एकेक जोडी असेल, तर हा प्रश्नच पडत नाही. जोडी म्हणते ती मुद्दाम. एकटे वाढलेले पिल्लू किती जोरात चावले म्हणजे दुखते, हे भावंडाकडून शिकत नाही. मग ते तुमच्या घोट्यावर शिकते.

मोठ्या मांजरांबद्दल थोडे. रस्त्यावर वाढलेले, माणसाच्या सावलीनेही पळणारे प्रौढ मांजर घरात आणून कोंडणे ही त्याची सुटका नव्हे. त्याला पकडून, निर्बीजीकरण आणि लसीकरण करून त्याच्याच जागी परत सोडणे, हे त्याच्यासाठी बहुतेक वेळा योग्य असते. शस्त्रक्रिया झालेल्या मांजराच्या कानाचे टोक, बहुतेक ठिकाणी डाव्या कानाचे, सरळ रेषेत कापलेले असते. भुलीखाली केलेली ही खूण आहे. ती जखम समजून त्याला पुन्हा पकडून आणू नका. माझ्याकडे असे एक मांजर तीन वेगवेगळ्या दयाळू माणसांनी तीनदा आणले आहे. याउलट पायात घोटाळणारे, हाक मारल्यावर ओ देणारे मोठे मांजर रस्त्यावर दिसले, तर ते हरवलेले किंवा कोणी सोडून दिलेले असण्याची शक्यता धरा. आधी आसपास चौकशी करा, पशुवैद्यांकडे त्याच्या अंगात मायक्रोचिप, म्हणजे मालकाची ओळख पटवणारी कातडीखालची बारीक चिप, आहे का ते तपासून घ्या. कोणाच्या तरी घरात त्याची वाटी अजून तशीच भरून ठेवलेली असू शकते.

असे मोठे मांजर घरी आणले, तर पहिले काही दिवस त्याच्या मागे लागू नका. त्याला लपायला एक खोके द्या. नेदरलँड्समधील उट्रेख्त येथील संशोधकांनी २०१४ मध्ये निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांवर केलेल्या अभ्यासात असे दिसले, की ज्यांना लपायला खोके दिले ती सुरुवातीच्या दिवसांत लवकर सावरली. कपाटामागे बसून राहिलेले मांजर रुसलेले नसते, ते परिस्थितीचा अंदाज घेत असते. मात्र ते दोन दिवस काहीच खात नसेल, तर वाट पाहू नका. उपाशी मांजराच्या, विशेषतः गुबगुबीत मांजराच्या, यकृतात चरबी साठत जाते आणि ते जिवावर बेतू शकते. आणि ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नका. माणसाला उतारा देणारी ती गोळी मांजराला विष आहे. तसेच बचावाच्या धांदलीत चावा बसला, तर जखम पंधरा मिनिटे साबण आणि वाहत्या पाण्याने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. ‘घरचेच तर आहे’ असे म्हणून हे टाळू नका. ते अजून घरचे झालेले नाही.

आता त्या आईकडे परत येते, कारण माझ्या मते सगळ्या प्रश्नाचे मूळ तिथे आहे आणि खोक्यात ती कधीच नसते. मांजरीचा गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा असतो. ती चार महिन्यांच्या वयातही गाभण राहू शकते, आणि पिल्ले अंगावर पीत असतानाही तिला पुन्हा दिवस जाऊ शकतात. पिल्ले लवकर काढून घेतली, तर ती आणखी लवकर माजावर येते. म्हणजे तुम्ही तीन पिल्ले उचलून माझ्या दाराशी आणता, तेव्हा एका अर्थी पुढच्या चार पिल्लांची तारीख अलीकडे ओढता. दोन-अडीच महिन्यांनी त्याच कोपऱ्यात पुन्हा पिल्ले दिसतात, पुन्हा कोणाचे तरी मन कळवळते, पुन्हा बुटांचे खोके. या चक्राला एकच खीळ आहे: पिल्ले पिणे सोडेपर्यंत आईला तिथेच खाऊ-पाणी देत राहायचे, पिल्ले साधारण आठ आठवड्यांची झाली की त्यांची घरे पाहायची, आणि तिला पकडून तिचे निर्बीजीकरण करून घ्यायचे. पिंजरा लावून तिला पकडायला संध्याकाळ जाते, कधी तीन संध्याकाळी जातात. त्यात पिल्लाला छातीशी धरण्याचे समाधान नसते, फोटो चांगला येत नाही आणि ती जाताना आभार मानायच्या ऐवजी फिस्कारते. तरीही माझ्याकडे आणलेल्या दहा खोक्यांपेक्षा अशी एक संध्याकाळ जास्त उपयोगाची असते.

पिल्ले दुसऱ्याला देण्याबाबत आपल्यातले काही जण घाई करतात, तीही इथे सांगून टाकते. चार-पाच आठवड्यांची पिल्ले बाहुल्यांसारखी दिसतात आणि तेव्हाच मागणी येते. आठ आठवडे पूर्ण होण्याआधी देऊ नका. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत जाते, पण ती नेमकी कधी संपेल हे प्रत्येक पिल्लागणिक वेगळे असते. म्हणूनच लस एकदा टोचून भागत नाही. सहा-आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत ती दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते. हे वेळापत्रक घेणाऱ्याच्या हातात लिहून द्या. खिडक्यांना जाळी आहे का, घरातल्या सर्वांची संमती आहे का, गावी गेल्यावर मांजर कोण पाहणार, हे विचारायला संकोचू नका. या प्रश्नांनी जो चिडतो, त्याने उत्तर दिलेलेच असते. जाता जाता एक गंमत: ‘आम्हाला तीनरंगीच हवे आणि बोकाच हवा’ अशी मागणी करणारे महिन्याला एक तरी भेटतात. तीनरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. रंगाचे ते गणित गुणसूत्रांत बसलेले आहे आणि माझ्या हातात नाही.

त्या खोक्यातली उरलेली दोन पिल्ले आज साडेसहा आठवड्यांची आहेत. थोरले ७१० ग्रॅम, धाकटे ६६५. मी हे लिहीत असताना धाकटे कागदाच्या कडेवर बसून पेनाच्या टोपणाशी झुंजते आहे. डोळ्यांचा निळा रंग उतरून हिरवट छटा येऊ लागली आहे. दोन आठवड्यांनी ती घर पाहतील, बहुधा एकत्र. त्यांची आई कोण, ती कुठे आहे, आणि आतापर्यंत ती पुन्हा गाभण राहिली असेल का, हे मात्र मला शोधता आलेले नाही. मी आसपासच्या तीन-चार जागा पाहिल्या, पहारेकऱ्यांना विचारले, दोन रात्री पिंजरा लावला. पिंजऱ्यात कान कापलेला एक ओळखीचा बोका आला आणि आयते खाणे खाऊन ऐटीत निघून गेला.

तेव्हा एवढे सगळे वाचूनही एखाद्या दिवशी तुमच्यावर खोके घेऊन माझ्या किंवा माझ्यासारख्या कोणाच्या दाराशी येण्याची वेळ आलीच, तर बेल वाजवा. ओरडणार नाही. तेही जमणार नसेल, तर झाकणाच्या आतल्या बाजूला, ज्या पेनाने भोके पाडलीत त्याच पेनाने लिहा: पिल्ले नेमकी कुठे होती, किती वाजता उचलली, एकूण किती दिसली, आजूबाजूला कोणत्या रंगाचे मोठे मांजर होते, आणि तुमचा फोन नंबर.

आपली नम्र,
पिल्ले सांभाळणारी एक